आवाज कुठला ते नंतर, कधीचा ते आधी

पत्र: नमस्कार काका. आमच्याकडे बाबांची २००४ सालची मारुती ८०० आहे, केए-२३ पासिंगची. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मीच चालवते, निपाणीहून संकेश्वरला शाळेत जाऊन-येऊन. गेले काही महिने गाडी तीन तऱ्हेचे आवाज करते आहे. सकाळी चालू केली की टिकटिक, गावाबाहेर पडेपर्यंत ती कमी होते. तवंदीचा घाट चढताना चौथ्या गिअरला अॅक्सिलेटर दाबला की डब्यात खडे घालून हलवावेत तशी कटकट. आणि शाळेच्या गेटपाशी न्यूट्रलला उभी असली की घुर्रर्र, ती क्लच दाबला की बंद. आमचे नेहमीचे मेस्त्री बाबांचे जुने मित्र, मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी बोनेट न उघडताच सांगितलं, 'इंजिन बसलंय, हाफ इंजिन करावं लागतंय, पस्तीस हजार धरून चला.' कागलकडचे एक मेस्त्री म्हणाले, 'दाट ऑइल टाका, गप्प होतंय बघा.' भावजी म्हणतात मोडीत घाला. बाबांचा जीव गाडीत अडकलाय. काय करू सांगा की. सोबत रेकॉर्डिंग पाठवलंय.
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर:

ताई, तूर्त इंजिन उघडू देऊ नका, दाट ऑइलही टाकू नका आणि भावजींना चहा पाजून वाटेला लावा. हाफ इंजिनाचा, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलायचा, पस्तीस हजारांचा निर्णय अजून लांब आहे, कारण गाडीची तपासणीच झालेली नाही.

रेकॉर्डिंग ऐकलं. त्यावरून मी काही सांगणार नाही. फोनचा माइक माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो. एकसारखी चाललेली घरघर तो 'गोंगाट' समजून दाबतो आणि खालच्या पट्टीतला ठोका तर त्यात जवळजवळ येतच नाही. म्हणजे काळजीचा आवाज गायब आणि साधी टिकटिक मात्र मोठी. तुमच्या रेकॉर्डिंगपेक्षा तुमचं पत्रच जास्त कामाचं आहे. प्रत्येक आवाज *कधी* येतो आणि *कशानं* जातो, हे तुम्ही न विचारता लिहिलंत. गॅरेजात येणारी बहुतेक माणसं 'गाडी वाजते' एवढंच सांगतात.

आवाज कुठून येतो हे शोधायला गेलं की फसगत होते. इंजिन म्हणजे एकमेकांना बोल्टांनी आवळलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. एका टोकाला वाजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. पण थंड असताना की गरम झाल्यावर, चढाला की उभ्या उभ्या, क्लच दाबून की सोडून, या गोष्टी खोटं बोलत नाहीत. त्या हिशेबानं बघितलं तर तुमचे तीन आवाज तीन वेगळ्या ठिकाणचे आहेत आणि त्यातला एक तर इंजिनाचा नाहीच.

त्या घुर्ररपासून सुरुवात करू, कारण त्याचा निकाल लगेच लागतो. गाडी न्यूट्रलला असते आणि क्लचवर पाय नसतो, तेव्हा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच दाबला की तो थांबतो. आवाजही त्याच क्षणी थांबत असेल तर त्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय. उलट असतं, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर मी क्लचचं रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. आधी गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा. जुन्या ८०० मध्ये ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून ते थेंब थेंब गळत राहतं आणि इंजिन ऑइल दर सर्व्हिसला बदलणारे लोक गिअर ऑइल वर्षानुवर्षं विसरतात. पातळी कमी निघाली तर सील बदलून ऑइल भरा. आवाज वाढला नाही तर बेअरिंगचं काम पुढे क्लच प्लेट बदलताना, गिअरबॉक्स उतरवलेलाच असतो तेव्हा करा. आत्ता केवळ त्यासाठी उतरवू नका. पण गिअर टाकताना खरखर सुरू झाली किंवा तो आवाज चालत्या गाडीतही यायला लागला, तर मात्र लांबवू नका.

आता घाट. निपाणी सोडली की तवंदीचा चढ लागतो. मागून ट्रक, पुढे ट्रक, आणि आपण चौथ्यात तसंच रेटतो. तुमच्या गाडीला चारच गिअर, इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, वर एसी चालू असेल तर त्याचंही ओझं. इंजिनाचे फेरे कमी आणि ओझं जास्त, अशा वेळी सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण स्पार्कच्या ज्योतीची वाट बघत नाही. कोपऱ्यात दाबलं गेलेलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, भडका एकदम उडतो आणि दाबाची ती लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. हीच तुमची खड्यांची कटकट. मेस्त्री लोक याला नॉकिंग म्हणतात आणि गंमत म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खराब बेअरिंगच्या ठोक्यालाही नॉकिंगच म्हणतात. तिथेच हाफ इंजिनाचा घोटाळा होतो.

दोन्ही वेगळे ओळखायला गॅरेज लागत नाही. उद्या घाटाच्या पायथ्यालाच तिसरा टाका, एसी बंद करा आणि फेरे जरा वर ठेवून चढा. कटकट पूर्ण गेली तर ती ज्वलनाची, बेअरिंगची नाही. बेअरिंगचा ठोका गिअर बदलून माफ करत नाही. तो जाड, खालच्या पट्टीतला, ठक् ठक् असा असतो. गाडी पूर्ण तापल्यावर वाढतो, आणि रेस करून पाय एकदम सोडला की, फेरे खाली येताना, जास्त स्पष्ट ऐकू येतो. कारण सोपं आहे. ऑइल तापून पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगमधली फट भरून काढायला ते पुरत नाही, मग धातू धातूवर आपटतो. तुम्ही लिहिलेल्या तिन्हींपैकी एकही आवाज असा वागत नाही.

तिसऱ्यात चढूनही थोडी कटकट राहिली, तर हे बघायला सांगा. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. पांढरंफटक, वर बारीक फोड आलेलं असेल तर सिलिंडर जास्त तापतोय. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, आणि काळं, ओलं, तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. मग रेडिएटर. आपल्या भागात बोअरचं पाणी बिनधास्त ओततात, त्याचे क्षार आत बसतात आणि इंजिन उन्हाळ्यात घाटाला तापतं. आणि एक प्रश्न मेस्त्रींना मुद्दाम विचारा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर आहे का? 'गाडी तापते' म्हटलं की तो काढून टाकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साठतो, आणि तोच कार्बन पुढे घाटात कटकट करवतो. रोग रेड्याला, औषध पखालीला, असला प्रकार. टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, पुढे सरकलेलं नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

पेट्रोलवर मात्र खापर फोडू नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे इंजिन वाजतं असं हल्ली गावोगाव ऐकू येतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघत लोक हे बोलतात, म्हणून ते खरं वाटतं. प्रत्यक्षात इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यानं ही कटकट कमीच व्हावी. २००४ च्या गाडीला त्याचा त्रास आहे तो दुसरीकडे, जुन्या रबरी नळ्या आणि सीलना. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पेट्रोलच्या नळ्या एकदा हातानं दाबून बघायला सांगा. कडक किंवा भेगाळलेल्या निघाल्या तर बदला. आवाजासाठी नव्हे, आग लागू नये म्हणून.

राहिली सकाळची टिकटिक. हिला तीन मालक असू शकतात.

पहिला टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यात मुद्दाम ठेवलेली बारीक फट असते. झिजेनं ती वाढली की वाजते. हा आवाज पातळ, धारदार आणि इंजिनाच्या गतीपेक्षा संथ असतो, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगानं फिरतो. उभ्या गाडीत ९०० फेरे धरले तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि कॅम साडेसात वेळा. आकडा कानानं मोजता येत नाही, पण 'हे इंजिनाच्या ठेक्यापेक्षा हळू वाजतंय' एवढं कळतं. दुसरा मालक पिस्टन. पिस्टन ॲल्युमिनियमचा, थंड असताना सिलिंडरमध्ये थोडा सैल असतो आणि बाजूला आपटतो. तापला की फुगतो आणि आवाज विरतो. हा आवाज जरा बोथट असतो. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात, त्यासाठी कुणी इंजिन उघडू नये असं माझं मत. तिसरा मालक लोक विसरतात, तो म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग. थंडीत तिथून धूर टिकटिक करत निसटतो, लोखंड तापून पसरलं की फट बंद होते. हे कान लावण्यापेक्षा डोळ्यांनी शोधा. मॅनिफोल्ड जिथे हेडला जोडलाय तिथे काजळीचा काळा पिसारा दिसेल.

कोण कुठला ते बघायला लांब स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. टोक धातूवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला दाबायची. आधी वरच्या टॅपेट कव्हरवर, मग ब्लॉकच्या बाजूला, मग डायनॅमोच्या अंगावर. जिथे आवाज टोचल्यासारखा स्पष्ट होतो तिथे मुक्काम. हे करायच्या आधी ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या मागे सारा. पुढचा रेडिएटरचा पंखा तापमान बघून आपोआप सुरू होतो, विचारून होत नाही. पट्ट्याच्या बाजूला हात नको.

टॅपेट निघाला तर खर्च किरकोळ. कव्हर उघडायचं, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचं, स्क्रू फिरवून फट कंपनीच्या मापावर आणायची, कव्हरचं पॅकिंग नवीन. पण मेस्त्रीला 'अगदी आवाज बंद करा' म्हणू नका. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, घट्ट केलेला परवडत नाही. फट उरली नाही की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि तो कडेनं जळतो. मग गाडी छान शांत चालते आणि काही महिन्यांनी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबून धरायची ताकद, जातं. मग खरोखरच हेड उतरवावं लागतं.

दाट ऑइलचं म्हणाल तर तोही हाच शांततेचा सौदा. झिजलेल्या, लांबच्या प्रवासाच्या गाडीत एक पायरी दाट ऑइल टाकणं हे पाप नव्हे. पण निदानाच्या आधी टाकलं तर साक्षीदाराचं तोंड बांधल्यासारखं होतं. शिवाय सकाळी दाट ऑइल वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावतं, म्हणजे तुमची टिकटिक जास्त वेळ चालेल. तपासणी होईपर्यंत गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल असू द्या आणि पातळी दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, पट्टी पुसून बघा. बरेच आवाज तर ऑइल कमी झाल्यानंच सुरू होतात.

ऑइल बदलाल तेव्हा स्वतः उभ्या राहा. जुनं ऑइल गरम असताना काढायला सांगा आणि शेवटची वाटीभर धार घरच्या पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत घ्या. ताटली उन्हात धरून हळू कलती करा. काळ्या तेलाची पातळ साय कडेला सरकते आणि मागे तळ दिसतो. तिथे काही चमकतं का बघा. अगदी बारीक करडी भुकटी असेल आणि चुंबक लावला की चिकटली, तर ती लोखंडाची, जुन्या इंजिनात थोडी असतेच. पण सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाचे चकचकीत कण दिसले आणि ते चुंबकाला हलले नाहीत, तर ते बेअरिंगचं कवच आहे. तसं निघालं तर तुमच्या मेस्त्रीकाकांचं बरोबर. ताटलीचा फोटो काढून ठेवा.

दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची. तिन्ही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. तिन्ही एकमेकांच्या जवळपास आणि पुस्तिकेतल्या मर्यादेत असतील, आणि ताटलीत ते सोनेरी कणही नसतील, तर हाफ इंजिनाचा विषय संपला. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायला सांगा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात, नाही आला तर व्हॉल्व्ह गळतोय. आणि समजा क्रँकपर्यंत काम गेलंच, तर 'उघडलंय तर सगळंच बदलू' याला मान डोलावू नका. क्रँक मायक्रोमीटरनं मोजून माप सांगा म्हणा. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर दोन्ही तुम्हाला हाकेवर आहेत. क्रँक ग्राइंड करून त्या कमी झालेल्या मापाचं, अंडरसाइझ बेअरिंग बसवणारी माणसं आपल्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, कारण ती आवाज करत नाही. टायमिंगचा पट्टा, क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा. ८०० ला चेन नाही, दातेरी रबरी पट्टा आहे, आणि तो तुटण्याआधी बहुधा चूं सुद्धा करत नाही. गाडी कमी चालली तरी रबर वयानं म्हातारं होतं. तो शेवटचा कधी बदलला हे बाबांना विचारा. तारीख आठवत नसेल तर बदललाच नाही असं समजा. हाफ इंजिनाआधी माझा पैसा मी तिथे घालेन. फॅन बेल्ट (डायनॅमो फिरवणारा पट्टा) त्याच खेपेला बघून घ्या, पावसाळ्यात पहिल्या मिनिटाला 'चीं' करत असेल तर घट्ट करा किंवा बदला.

आणि हे मात्र कडक सांगतो. चालता चालता डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला आणि जोडीला ठक् ठक् सुरू झालं, तर 'घाट उतरून बघू', 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' असलं काही नाही. कडेला घ्या, इंजिन बंद, ओढून आणा. त्या दोन किलोमीटरांत चांगला क्रँक भंगार होतो.

मोडीत काढायची का? या आवाजांसाठी तरी नाही. पत्रा कुजला असेल, खालची चौकट गंजली असेल, पासिंगची मुदत संपत आली असेल तर तो वेगळा हिशेब. त्यासाठी गाडी जॅकवर घेऊन खालून बघा आणि आरसी काढून तारीख वाचा.

राहता राहिले मेस्त्रीकाका. खरी अडचण हीच असावी असं पत्र वाचताना वाटलं. बाबांच्या मित्राला 'तुमचं चुकलं' म्हणायची गरज नाही. ते चुकलेत असंही नाही. वीस वर्षं ज्या गाडीचं काम केलं तिचं वय त्यांनी कानानं ओळखलं, एवढंच. दुसऱ्या मेस्त्रीचं नाव काढू नका, माझंही काढू नका. बाबांनाच फोन करायला सांगा. 'पोरगी रोज घाट चढते, तेव्हा एकदा टॅपेट बघ, कॉम्प्रेशनचे आकडे लिहून दे, मग तू म्हणशील ते करू.' जुना मेस्त्री याला नाही म्हणत नाही. तपासणीची मजुरी मात्र द्या, मैत्रीखातर फुकट करून घेऊ नका; फुकटची तपासणी घाईत होते.

सकाळची टिकटिक इंजिन पूर्ण थंड असतानाच नीट ऐकू येते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात नेऊन ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना तुम्ही तिथे हजर राहा, म्हणजे ती टिकटिक त्यांच्याही कानावर पडेल.